बंद टॅब्लेटवरून आलेला मायचा कॉल

आमच्या गावात लेकराला साधा ताप आला तरी लिंबू उतरवतात, आणि त्यावरून मी अख्ख्या गल्लीशी भांडलेलो आहे. असल्या गोष्टी मानणारा मी माणूसच नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. कॉम्प्युटर. नांदेडला एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. वाय-फाय बंद पडलं की भले भले प्राध्यापक मलाच हाक मारतात. त्यामुळं हे लिहायला लाज वाटते... आणि न मानणाऱ्यानं असलं काही लिहावं, ही त्यातली सगळ्यात लहान लाज आहे.

माय गावी एकटीच राहते. जळकोट तालुक्यात, पत्र्याच्या दोन खोल्या. सकाळपाळीला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. नांदेडला चल म्हणलं तर येत नाही. दिवाळीनंतर मी तिला नवीन टॅब्लेट घेऊन दिला — मोठ्या स्क्रीनवर नातीचं तोंड नीट दिसावं म्हणून. शेजारच्या गुरुजींचं वाय-फाय तिच्या ओट्यापर्यंत येतं. त्यांना विचारून पासवर्ड टाकला, कुठं दाबायचं ते दाखवलं, अंगणातून एक कॉल लावून पाहिला आणि परत आलो.

तिसऱ्या दिवशी तिच्या साध्या मोबाईलवरून फोन.

"आरं, ते चार्जच होईना."

"पिन नीट बसली का?"

"आतच जाईना बग."

"उलटी घालत असशील. फिरवून घाल."

"दोन्हीकून घातली की रं. आन् ते वाय-फायचं चित्र बी गेलं."

"मग एकदा बंद करून चालू कर."

"चालूच होईना, तर बंद काय करू?"

बरोबर होतं तिचं. पण मला राग आला. "माय, पहिलीतलं लेकरू करतं गं हे! तुला एवढं समजंना?"

ती म्हणाली, "करते बापा."

दोन-तीन आठवडे असंच चाललं. ती फोन करायची, मी ओरडायचो. मग तिनं टॅब्लेटचं नाव काढणंच सोडलं.

आणि मग तो गुरुवार. दुपारचे सव्वातीन. लॅबमध्ये आमचे विभागप्रमुख सर, एक मॅडम आणि मी चहा पीत होतो. एक सांगायचं राहिलं — कॉलेजात मी सांगून ठेवलं होतं की घरी वीस एकर आहे, कामाला गडीमाणसं आहेत. कुणी विचारलं नव्हतं. माझं मीच सांगितलं होतं.

मोबाईल टेबलावर टेकवून उभा ठेवलेला. व्हिडिओ कॉल आला — 'माय टॅब'. कापावा म्हणून बोट पुढं केलं आणि उचललाच गेला.

स्क्रीनभर माय. ओट्यावर बसलेली, डोक्यावर पदर, हाताला माती, खालचे दोन दात पडलेले. लई खुश.

"दिसायलंय का रं? लागला बग! तू म्हनला तसंच केलं. औंदा तुरीला शेंगा लई—"

"मीटिंगमध्ये आहे," म्हणालो आणि कापला. मोबाईल पालथा घातला.

"कोण होत्या?" मॅडमनी विचारलं.

"गावाकडं आमच्या घरी कामाला आहे एक बाई."

असं म्हणालो मी. अडखळलोसुद्धा नाही. सर चहा पीत राहिले.

रविवारी मुखेडमार्गे जळकोट गाठलं, तिथून गाव. वाटभर मनाची समजूत घालत होतो — टॅब्लेट तर चालू झाला, माय खुशीत असेल. ती दारात होती. चहा ठेवायला उठली.

"टॅब्लेट कुठंय?"

"पेटीत."

नव्या खणात गुंडाळून ठेवलेला. बटण दाबलं — काळा. चार्जर घेतला तर पिन आत जाईना. दारात उजेडाला धरून पाहिलं... चार्जिंगचं भोक लालभडक. तेलात कालवलेलं कुंकू, आत वाळून खडा झालेलं.

"माय, हे काय?"

"पूजा केली की! नवी वस्तू बिनपूजेची वापरावी का? शिलाई मशीन आणली तवा चाकाला लावलं. हे जिथून खातंय तिथं लावलं."

"कधी?"

"तू गेलास त्याच दिवशी."

मी दातकोरण्यानं ते कोरत बसलो होतो. म्हणजे तेव्हापासून हा चार्ज झालाच नव्हता, मग गुरुवारी चालू कसा झाला?

चार्जिंगला लावल्यावर कितीतरी वेळानं स्क्रीन उजळली. वाय-फाय काही जोडलं जाईना. गुरुजींना हाक मारली. ते म्हणाले, "पासवर्ड तर मी तुम्ही गेल्यावर आठ दिवसांतच बदलला. अख्खी गल्ली चालवायली होती हो!" टॅब्लेटच्या यादीत एकच कॉल — मी अंगणातून लावून पाहिलेला. माझा मोबाईल काढला. गुरुवारचा कॉल त्यातही नव्हता.

"माय, गुरुवारी तू मला कॉल केला होतास?"

"मला कुठं येतंय?" मग म्हणाली, "खरं सांगू? रानातून आले की मी रोज त्याला ओट्यावर उभा करायची आन् बोलायची. बंदच असायचा. म्हनलं सवय व्हावी. एकदम लागला आन् मी कायबाय बोलले, तर चार लोकांत तुला कसं वाटंल."

"आन् गुरुवारी?"

"त्या दिवशी तू दिसलास. मीटिंगमधी हाय म्हनलास."

"अजून काय म्हणालो?"

ती दुसऱ्यांदा ठेवलेला चहा गाळत होती. कप माझ्यापुढं सरकवला, वर न बघता म्हणाली, "आता नीट झालाय तर लावीन मी. पन कुनी इचारलं, कोन हाय, तर काय सांगशील?"

मॅडमना जे सांगितलं ते मी कॉल कापल्यानंतर बोललो होतो. मोबाईल पालथा होता. मी कप तसाच खाली ठेवला.

सोमवारी लॅब उघडायच्या आधी सरांकडं गेलो. "सर, त्या दिवशी कॉलवर होती ती माझी माय. वीस एकर वगैरे काही नाही. ती दुसऱ्याच्या रानात खुरपते."

सर चष्मा पुसत म्हणाले, "अहो, ते आम्हाला तेव्हाच कळलं. हुबेहूब तुमचा चेहरा. मॅडम म्हणाल्या, काही बोलू नका, त्यांना वाईट वाटेल."

म्हणजे त्यांनीही तिला पाहिलं होतं. भास म्हणावा तर तिघांना एकच भास कसा? बंद टॅब्लेट, बुजलेलं भोक, बदललेला पासवर्ड... जमेल तेवढं शोधलं, जाणकारांना विचारलं. कारण सापडलं नाही, आणि आता सापडेल असंही वाटत नाही.

टॅब्लेट आता व्यवस्थित चालतो. नवा पासवर्ड टाकून दिलाय. पण मायनं स्वतःहून कॉल अजून एकदाही केलेला नाही. मीच करतो — लॅबमधून, सगळ्यांसमोर बसून. ती उचलते, आणि नातीची चौकशी करायच्या आधी हळूच विचारते,

"एकलाच हाईस ना रं?"