एका माणसाला किती लागतं?

मुलगा ठाण्याहून चौलला आला तो एकटाच. सुनेला ऑफिसात काम फार आहे म्हणाला. त्याचं स्वतःचं काम लॅपटॉपवर, कुठूनही चालतं. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज मिळते ती फक्त विहिरीपाशी, आणि विहीर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. तिथंच खुर्ची टाकून तो फोन लावायला लागला. चोरून ऐकायची मला सवय नाही. पण खिडकी माझी, ती मी का बंद करू?

पहिला फोन पुण्याच्या मित्राला. "एका माणसाला महिन्याला किती लागतं रे?" भाडं, डबा, वीज, गॅस, सगळं खोदून खोदून विचारलं. मग नाशिक. मग कोल्हापूर. "सामान फार नाही. एक पलंग, एक कपाट. वस्ती शांत हवी. तळमजला मिळाला तर बघ."

पलंग आणि कपाट! माझ्या हातातला नारळ खवायचा राहिला. माझ्या खोलीत तरी दुसरं आहे काय? आणि तळमजला कुणाला लागतो? ज्याचे गुडघे गेलेत त्याला. कुठंतरी पाणी मुरत होतं.

इकडे वाड्या विकायची साथच आलीय. मुंबईची माणसं येतात, पोफळी तोडतात, पोहायचा हौद बांधतात आणि सुट्टीत येऊन धिंगाणा घालतात. एक दलाल माझ्याही फाटकाशी येऊन गेला होता, मी त्याला पाण्यालासुद्धा विचारलं नव्हतं. त्यानेच मुलाचा नंबर मिळवला असणार, अशी माझी खात्री झाली. शेजारणीला बोलले, तर ती तेल ओतायला तयारच. "बाई, नाशकाला म्हाताऱ्या माणसांच्या सोयी फार छान झाल्यात हो!" मनात म्हटलं, मग तूच जा की.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजरच ठेवली. जेवताना मुद्दाम म्हटलं, "नाशकाला थंडी फार बाधते म्हणे."

तो दचकला. "तुला कुणी सांगितलं?"

"मला कोण काय सांगणार? माझ्याशी बोलतंय कोण?"

तो सोलकढीची वाटी तशीच ठेवून उठला. चेहरा असा पडला होता, की मला वाटलं, बरोबर पकडलं.

माझा जीव नुसता टांगणीला लागला. या वाडीतून मला उचलणार आणि परक्या गावात डब्याच्या पोळ्यांवर ठेवणार! बरं, ठेवायचं तर ठेव, पण पोटच्या पोराला ते आईच्या तोंडावर सांगायची हिंमत नसावी? संताप त्याचाच जास्त होत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीला पाणी सोडत होते, तेव्हा तो पुन्हा नाशिकशी बोलत होता. "ते सगळं ठीक, पण एकट्याला परवडेल ना?"

झालं! जन्मभर शाळेत मराठी शिकवलंय मी. तरातरा गेले, त्याने फोन ठेवायचीही वाट बघितली नाही. "एकट्याला नाही, एकटीला म्हण! आईची रवानगी करतोयस, तर निदान व्याकरण तरी धड ठेव. आणि नीट ऐकून घे, मी इथून हलणार नाही. वाडी विकायची तर माझ्या मागे विक."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालेलं मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"वाडी कोण विकतंय, आई?" तो म्हणाला. "एकट्यालाच. बरोबर बोललो मी."

कळायला मला वेळ लागला. मग मी विहिरीच्या कठड्यावर टेकले. "आणि ती?"

"ती ठाण्यातच राहील. आमचं ठरलंय."

कुणाचं चुकलं, कधीपासून चाललंय, शंभर प्रश्न तोंडाशी आले. मी त्याच्यावर संशय घेत बसले होते आणि तो बिचारा गावोगावी फोन करून एका माणसाच्या जगण्याची चौकशी करत होता.

"पुणं विचारलंस, नाशिक विचारलंस, कोल्हापूर विचारलंस," मी म्हटलं. "चौलला किती लागतं ते नाही विचारलंस?"

"कुणाला विचारू?" तो म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरेना.