सांध्यावरचं पान

रंगाचे थर खरवडून माझी नखं काळी झाली. वडील दर दसऱ्याला सायकलला नवा रंग द्यायचे आणि ती विलायती असल्याचं गावभर सांगायचे. म्हणून मी कंपनीचं नाव शोधत होतो. नाव काही सापडलं नाही. हँडलखालच्या सांध्यावर मात्र कानशीने कोरलेलं, डावीकडे झुकलेलं इवलं पिंपळपान निघालं.

फ्रेम खांद्यावर टाकून मी नाक्यावरच्या सायकलवाल्या रहीमचाचांकडे गेलो. पानावरून बोट फिरवताच ते ओरडलेच, "अहो, ही तर माझ्या अब्बांची खूण! याच दुकानात फ्रेम बनवायचे ते. एका साली त्यांचा अंगठा मोडला, तेव्हाच पानं अशी झुकली. पुढच्या साली पुन्हा सरळ. माझं लग्न झालं ना, तेच साल!"

मग आत वळून त्यांनी हाक मारली, "अगं, बाहेर ये! आपल्या लग्नाच्या सालातली सायकल आलीय!"

विलायत गेली, तरी माझी छाती फुगलेलीच होती. सरळ पान कुणीही कोरेल. दुखऱ्या अंगठ्याने कोरलेलं हे पान जगात एकाच माणसाचं.

येत्या दसऱ्याला मीही सायकल रंगवणार आहे. पानावर मात्र रंगाचा थेंब पडू देणार नाही.