टिमिड म्हणजे माझी आई

आठवीत आम्हाला इंग्रजी सुरू झालं, तेव्हा एक दिवस गुरुजींनी फळ्यावर ‘टिमिड’ लिहिलं. म्हणजे भित्रा, उगाच भिणारा. उदाहरणं विचारली तेव्हा पोरींनी ससा सांगितला, हरीण सांगितलं. मी उठून म्हणाले, “माझी आई.” वर्ग खो-खो हसला, मीही हसले. खोटं काय होतं त्यात? पाल दिसली की आई चुलीपुढून किंचाळत अंगणात पळायची.

वडील देहूरोडला दारूगोळ्याच्या डेपोत कामाला. आत काडेपेटी न्यायला सक्त मनाई, फाटकावर खिसे तपासत. म्हणून निघताना ते विड्या आणि काडेपेटी घरातल्या कोनाड्यात ठेवायचे. ते परत येईपर्यंत त्या पेटीला कुणी हात लावायचा नाही, हा आईचा कायदा. चुलीची पेटी वेगळी. ती संपली तर आई शेजारून निखारा मागून आणी, पण कोनाड्याकडे बघत नसे. संध्याकाळी वडिलांनी त्यातली काडी ओढून विडी पेटवली, की तिच्या जिवात जीव येई.

“अगं, मी काय लढाईवर जातो?” वडील चिडवायचे.

“हसा तुम्ही,” ती म्हणायची.

गुरुजींचं ते ‘उगाच’ मला आजही खटकतं. तिने धास्ती घेतली आगीची, आणि वडील गेले हमरस्त्यावर, सायकलवरून घरी येताना, ट्रकखाली. त्यांचा जोडीदार सांगायला आला. “वैनी, घात झाला,” तो दारातूनच म्हणाला.

सुतकात आमची चूल पेटली नाही, शेजारणी भाकऱ्या आणून देत. ते दिवस सरल्यावर आई चुलीपुढे बसली आणि मला म्हणाली, “कोनाड्यातली पेटी आण.”

मी जागची हलले नाही.

“आण गं. आता कुणासाठी ठेवायची?”

काड्या दमट झाल्या होत्या. ती एकामागून एक ओढत राहिली. तेवढ्यात भिंतीवरून पाल सरकत खाली आली, पार तिच्या पदराजवळ. मी तिच्याकडे बघत राहिले. आता ओरडेल, मग ओरडेल. आईने पालीकडे नुसतं पाहिलं आणि पुढची काडी ओढली.

चूल पेटली. आई पुन्हा पहिल्यासारखी भित्री व्हावी म्हणून मी हमसून हमसून रडले. धुरानं डोळे झोंबले असतील, असं तिला वाटलं.