मौजे हिंगणखेड डॉट कॉम

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मोताळ्याच्या तहसीलसमोर बसून मी रोज लोकांची शपथपत्रं टाइप करतो, तेव्हा शपथ म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. आता एक गोष्ट त्यात माझ्या पदरची आहे, ती शेवटी सांगतो. म्हणजे अक्षर न् अक्षर खरं नाही. पण बाकीचं आहे!

असे किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. माझ्या टेबलाच्या खणात लोकांनी अर्ध्यावर सोडलेले अर्ज साचतात तसे. कधीतरी खण बंद होईनासा होतो, मग एकेक काढावा लागतो.

आमचा कंपू चौघांचा. मी दिनकर, अर्ज आणि दस्त लिहिणारा. शेजारी विद्याताईंचं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान. गजूमहाराज पूजा सांगतात आणि दोन पूजांमधला वेळ आमच्याकडे घालवतात. चौथे नानाभाऊ, रिटायर्ड तलाठी. तीन वर्षांपूर्वी आम्हा चौघांना इंटरनेटवरची नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेऊन ठेवायचं वेड लागलं.

*

सुरुवात विद्याताईंनी केली. त्यांनी समजावलं, "जागा नाही घ्यायची, नुसतं नाव घ्यायचं. उद्या कोणाले त्या नावानं दुकान टाकायचं असंन, तर तो आपल्याकडंच येईन."

नानाभाऊंची हयात सातबाऱ्यात गेलेली. त्यांनी चष्मा वर केला. "चतुःसीमा सांग."

"कशाच्या?"

"नावाच्या. पूर्वेले कोण हाये?"

विद्याताईंनी स्क्रीनकडे पाहिलं. "पूर्वेले डॉट हाये, नाना. बाकी तिन्ही बाजूंनी अमेरिका!"

नानांनी वहीत तसंच लिहून घेतलं.

*

गजूमहाराजांना एक नाव सापडलं. घरपोच पूजासाहित्याचं, छोटं, जिभेवर बसणारं. आठ दिवस ते रोज येऊन बघत, मोकळं आहे ना? मोकळंच होतं.

"मंग घ्या की," मी म्हणालो.

"पंचांग पाह्यल्याबिगर? गुरुवारी अकरा बेचाळीस."

गुरुवारी कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं. अकरा चाळीसला लाइट गेली. ती आली साडेबाराला, आणि तेवढ्यात ते नाव जगात कुठंतरी कोणीतरी घेऊन टाकलेलं!

महाराज मात्र प्रसन्न. "पाह्यलं? मुहूर्त खराच होता. कोणाले तरी लागला!"

*

माझंही सांगतो, लपवायचं काय? दस्त लिहिणाऱ्याला एकच भीती असते, काही लिहायचं राहून गेलं तर! म्हणून मी जे नाव घेतलं त्यात जिल्हा आला, कापूस आला, सोयाबीन आलं, खरेदी आली, विक्री आली आणि शेवटी 'व इतर' पण आलं.

विद्याताईंनी ते टाइप करून बोटं मोडली. "दिनूभाऊ, हे नाव नाई, खरेदीखत हाये. गिऱ्हाईक हे लिहीपर्यंत कापसाचा भाव उतरून जाईन!"

हसलो. पण घरी जाताना विचार आला. मी पंचवीस वर्षं जास्तीत जास्त शब्दांत माणसाची मालकी पक्की करत आलो, आणि इथं जितकं कमी तितकं मोलाचं. माणसालाही गाव आठवतं ते दोन-तीन अक्षरांतच. गट नंबर कोणाला आठवतो?

*

वर्ष झालं आणि विद्याताईंनी सांगितलं की नावांची फी भरायची आहे.

"काऊन?" नाना उभेच राहिले. "म्या तं खरेदी केली."

"खरेदी नसते, नाना. दरवर्षी भरा लागते. नाई भरलं तं नाव सुटते, दुसरा कोणी घेते."

नानांनी नोकरीभर दुसऱ्यांची अतिक्रमणं मोजलेली. ते हळूच खाली बसले. "म्हंजे वर्षभर मीच अतिक्रमणात बसून राह्यलो होतो!"

त्यांनी सगळी नावं सोडून दिली. एक ठेवलं, हिंगणखेड.

हिंगणखेड हे नानांचं गाव. आता धरणात आहे. माणसं उठून इकडं वसली, तिथल्या पाटीवर 'पुनर्वसन क्रमांक दोन' लिहिलंय. तलाठ्याला सहसा स्वतःच्या गावचा साझा, म्हणजे तिथला कारभार, देत नाहीत. नानांकडे तो चार महिने जादा चार्ज म्हणून आला आणि नेमकी त्याच चार महिन्यांत धरणासाठी जमीन संपादनाची नोटीस निघाली. नानांनी ती स्वतःच्या हातानं चावडीवर चिकटवली. लोक सोयाबीन काढत होते. मुदत संपली, तेव्हा नानांनीच शेरा लिहिला, 'मुदतीत हरकत प्राप्त नाही.' हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही चहा गार झाल्यावर.

*

या पावसाळ्याआधी विद्याताईंच्या दुकानात फोन आला. पुण्याचा माणूस. धरणाच्या काठावर रिसॉर्ट काढतोय, त्याला हिंगणखेड हेच नाव पाहिजे. विद्याताईंनी स्पीकर चालू करून फोन नानांपुढे ठेवला.

"काका, काय नाव आहे! नावातच मातीचा फील आहे."

"माती होती," नाना म्हणाले. "आता पाणी हाये."

त्यानं आकडा सांगितला. विद्याताईंच्या हातातला कागद खाली पडला. नानांच्या घरावर वरच्या मजल्याच्या सळया दहा वर्षांपासून उघड्या आहेत. काकू, म्हणजे नानांची बायको, त्यांच्यावर कपडे वाळत घालतात. त्या आकड्यात स्लॅब होऊन वर टाकीही बसली असती.

"द्या न् मोकळे व्हा," महाराज म्हणाले. "आजचा दिवस बी चांगला हाये."

"असं कसं?" नाना म्हणाले. "इक्रीआधी जाहीर नोटीस लागते. हरकती मागवा लागतीन."

"नाना, नावाले कोण हरकत घेते?" विद्याताई कळवळल्या.

"तेच पाह्यचं हाये मले."

मीच ती टाइप केली. 'मौजे हिंगणखेड हे नाव विकणे आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे.' नानांनी ती पुनर्वसनच्या गिरणीवर लावली, आठवडी बाजारात लावली, बसनं जाऊन नांदुऱ्याच्या स्टँडवरही लावून आले. काकू सळयांवर कपडे टाकत राहिल्या.

आणि मग लोक आले! कोणी आईचं माहेर म्हणून आलं, कोणी जावळ तिथं काढलं म्हणून. एका म्हातारीनं तर जात्याचा खुंटा पुरावा म्हणून आणला. पंधरा दिवसांत एकोणतीस हरकती. माझं टेबल भरलं.

सोळाव्या दिवशी पुण्याचा फोन आला. "काका, टायटल क्लिअर आहे ना?"

"नाई," नाना म्हणाले. "हरकत आली."

फोन ठेवून त्यांनी नोटिशीच्या प्रतीवर शेरा लिहिला, तारीख टाकली, सही केली. नावाची फी भरली. सळया आहेत तिथंच आहेत.

*

आता कबूल केल्याप्रमाणे माझ्या पदरचं काय ते सांगतो. लाइट खरी. अमेरिका खरी. खोटी ती म्हातारी, तिचा खुंटा आणि एकोणतीस हा आकडा.

पंधरा दिवस कोणीच आलं नाही. लोक पेरणीत होते. पंधराव्या दिवशी, ऑफिस सुटायच्या जरा आधी, नानांनी माझ्यासमोरचं स्टूल ओढलं आणि म्हणाले, "लिही बे, हरकतीचा अर्ज."

मी कागद लावला. "हरकतदाराचं नाव?"

"माहं."