पॅनलकडे पाठ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, देवापुढेही कधी बोललो नाही. तुला का सांगतोय? — तू वैशालीला ओळखत नाहीस, म्हणून असेल.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत आम्ही दोघं एकाच शिफ्टला. मी आत, कंट्रोल रूममध्ये पॅनलवर. ती बाहेर रिअ‍ॅक्टरपाशी, कॉन्ट्रॅक्टवर. मी जिते गावचा, ती जोहे गावची. वॉकी-टॉकीवर दिवसभर तिचा आवाज माझ्या कानाशी असायचा. "सुनील, पंप चालू केला रे." एवढंच — पण त्या 'रे'साठी मी शिफ्ट बदलून घ्यायचो! भातकापणी झाली की घरी सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. अजूनही कुठे वॉकी-टॉकी खरखरला, वॉचमनचा का असेना, की माझा हात कमरेला जातो. येडाच आहे मी.

काम तसं सरळ. रिअ‍ॅक्टर तापला की पॅनल आपोआप थंड पाण्याचा व्हॉल्व जास्त उघडतं, निवला की कमी करतं. हे झालं ऑटो. मॅन्युअलवर टाकलं की व्हॉल्व आहे तिथेच राहतो. मग लक्ष माणसानं ठेवायचं. त्या दिवशी मोठं गिऱ्हाईक प्लांट बघायला येणार होतं, आणि तापमानाची रेघ सकाळपासून नुसती वरखाली नाचत होती. ती बरी दिसावी म्हणून — हो, फक्त दिसावी म्हणून — मी मॅन्युअलवर टाकलं. रेघ सरळ झाली. पाहुणे गेले की परत ऑटोवर करू, म्हटलं.

पाहुणे आले, आणि मी पॅनलकडे पाठ करून त्यांना अक्कल शिकवत उभा राहिलो. तेवढ्यात वॉकी-टॉकीवर वैशाली — "सुनील, पाइप जास्तच गरम लागतोय रे. ऑटोवर हाय ना?"

मान वळवायची होती फक्त. पण सुटाबुटातल्या लोकांसमोर, बाहेरच्या बाईनं विचारलं म्हणून मागे वळून बघायचं? शान होती ना माझी! न बघताच म्हणालो, "हाय गो, हाय." पाहुणे हिंदीवाले, त्यांना काय कळणार.

मग अलार्म. माल उकळून सेफ्टीच्या पाइपातून बाहेर उसळला, अख्खी बॅच वाया गेली. कुणाला भाजलं नाही, नशीब. त्या धावपळीत मी पहिलं काय केलं असेल? गुपचूप ऑटोवर केलं. पॅनल जुनं; कोणी कधी काय दाबलं, याची त्यात कुठे नोंद राहत नव्हती.

साहेबांनी दोघांना बोलावलं. पॅनल ऑटोवर, म्हणजे थंड पाण्याचा बाहेरचा हाताचा व्हॉल्व हिनंच अर्धवट उघडला असणार, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणाली, "पूर्ण उघडला होता साहेब. पाइप गरम लागला तेव्हा मी याला विचारलं पण." आणि माझ्याकडे बघून जरा हसली. तिला खात्रीच होती माझी.

मी म्हणालो, "नाय. हिनं काय विचारलं नाय."

दुसऱ्या दिवसापासून तिला गेटवरच अडवलं. मी फोन केले, तिनं उचलले नाहीत — नाही, हेही खोटं. मी फोन केलाच नव्हता. काय बोलणार होतो?

परवा, इतक्या वर्षांनी, वडखळच्या नाक्यावर भेटली. बरोबर तिची मुलगी, हिच्या नखांत गणपतीच्या कारखान्यातला रंग. "बरा हायस ना रे?" — अरे देवा, तोच आवाज! असा जीव तुटला म्हणून सांगू. वाटलं, तिनं नुसतं बोलत राहावं, काहीही बोलावं.

बोलली. म्हणाली, "एक विचारू? तेव्हा मी खरंच विचारलं होतं का रे तुला? आता माझं मलाच कळत नाय. कधी कधी वाटतं, मनातच म्हटलं असेन."

मी म्हणालो, "जाऊ दे गो. जुनं झालं."

"व्हय," ती म्हणाली, "माझंच चुकलं असेल." पेणची एसटी आली, मुलीला पुढे घालून ती चढली.

तिनं विचारलं होतं. मला नीट ऐकू आलं होतं, आणि मी उत्तरही दिलं होतं.