शाफ्टवरच्या खडूच्या खुणा

आमची जीप माझ्या दादाने बिघडवली नव्हती.

दादा आज सकाळी श्रीपूरला वारला. आता तरी खरं लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं नवं लग्न, सासर शुक्रवार पेठेत. ह्यांच्याकडे मिलिटरीच्या लिलावातली जुनी फोर-व्हील जीप.

हे भयंकर संशयी! कुठल्याच गॅरेजवर भरवसा नाही. "चांगला पार्ट काढून भंगार बसवत्यात लेकाचे!" म्हणून स्वतःच जीपखाली घुसायचे.

दादाला ती जीप विकत हवी होती, ह्यांनी नाही म्हटलेलं; तरी तो मदतीला आला होता. दोघांनी पुढची चाकं फिरवणारा शाफ्ट काढून दोन तुकडे वेगळे केले. परत तसेच जुळावेत म्हणून ह्यांनी खडूने खुणा केल्या.

धुवायचं काम दादाकडे. "खुणा सोडून धुवा," असं ह्यांनी त्याला बजावून बजावून सांगितलेलं. मी तेव्हा स्वयंपाकघरात, मला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी माझी सासरची पहिली खंडेनवमी. हत्यारांची पूजा ना! दोघे ग्रीस आणायला गेले आणि मी शहाणीने शाफ्ट रॉकेलने लख्ख धुतला. वर हळदकुंकू, झेंडू.

जोडताना बघतात तर खुणा गायब. अंदाजाने बसवलं. जीप अशी हादरायला लागली की स्टिअरिंग धरवेना.

"मी जीप विकली न्हाय तुमाला, म्हणून खुणा पुसल्या व्हय?" हे दादावर ओरडले.

दादाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताला अजून रॉकेलचा वास. मी हात पदराखाली लपवले.

"माझ्याच हातनं पुसल्या, दाजी. शाफ्ट सोडा, पाव फेरा फिरवून बसवा."

तसं बसवलं. जीप लोण्यासारखी चालली.

"बघितलंस? त्याला बरोबर ठाऊक होतं! म्हंजे मुद्दाम केलं की!" हे मला म्हणाले.

दादाला आमचं घर बंद झालं.

त्या भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात, तसं. माझा भाऊ श्रीपुरात धडधाकट होता.

पुढे लग्नकार्यात भेटायचा. हळूच विचारायचा, "जीप नीट चालतीय नव्हं?"

मी नुसती मान हलवायची.

हे जाऊनही नऊ वर्षं झाली. तरी माझं तोंड उघडलं नाही. भित्री मेली मी!

दादा, खुणा मी पुसल्या. तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आज सगळ्या गोतावळ्याला कळू दे.

तुझ्या अपराधी बहिणीचा शेवटचा नमस्कार घे.