उजव्या डोळ्यातला दिवा

जिवंतमामांचं खरं नाव त्यांच्या बँकेच्या पासबुकालाच काय ते ठाऊक. बाकी लहानथोर सगळे त्यांना जिवंतमामाच म्हणत. आणि गंमत अशी, की धंदा सगळा गेलेल्या माणसांचा.

घरातलं कुणी गेलं, रडारड ओसरली, की घरच्यांच्या लक्षात येतं, अरे, भिंतीवर लावायला धड एक फोटो नाही! मग कपाटं उपसायची आणि कुठल्या तरी लग्नातला, सहलीतला, घोळक्यातला फोटो घेऊन मामांचा जिना चढायचा. "मामा, मागच्या रांगेतले तिसरे, ते आमचे अण्णा. शिंकायच्या बेतात आहेत, पण एवढाच आहे बघा." मामा शेजाऱ्याचा खांदा कापत, अण्णांच्या हातातला ग्लास काढून घेत, कॉलर सरळ करत, शिंकसुद्धा आल्या वाटेनं परत पाठवत. फोटो मोठा करून फ्रेममध्ये हातात ठेवला की घरचे म्हणत, "अगदी जिवंत केलंत हो!" त्यावरून ते नाव पडलं. एका सुनेनं तर सासूबाईंचा फोटो बघून हातातला मोबाइल पटकन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "इतकं जिवंत नव्हतं करायला सांगितलं."

ही करामत कशात होती? दिव्यात. डोळ्याच्या बुबुळात उजेडाचा एक बारीक ठिपका असतो, त्याला मामा दिवा म्हणत. जुन्या फोटोत तो बऱ्याचदा पुसलेला असतो. मग डोळा दिसतो, पण त्यात कुणी राहत नाही. मामा ज्या म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली शिकले, तो सांगायचा, "दिवा शेवटी लावायचा. आधी लावलास तर माणूस तुझ्याकडे बघत बसतो, मग हात चालत नाही." पूर्वी हे काम एका केसाच्या ब्रशनं व्हायचं, आता कॉम्प्युटरवर, पण क्रम तोच. सगळं झालं की डावा दिवा, मग उजवा दिवा, मग राम राम.

त्याच म्हाताऱ्याचा दुसरा नियम होता, माणूस एकदा बसवला की हलवायचा नाही. म्हणून मामांनी मॉनिटरच्या कडेला दोन्ही बाजूंना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. येईल तो चेहरा त्या पट्ट्यांच्या रेषेत बसवायचा, दोन डोळे दोन ठरलेल्या जागी, आणि काम संपेपर्यंत जागचा हलू द्यायचा नाही. गेलेल्या माणसानं निदान इथे तरी शिस्तीत बसावं!

खोली वरच्या मजल्यावर. एके काळी तिला मोठी खिडकी होती. शेजारची इमारत अगदी चिकटून उठली, तेव्हा ती विटांनी बुजवून वर गिलावा केला. तेव्हापासून भर दुपारीही खोलीत तळघरासारखा गारवा आणि उजेड म्हणावा तर मॉनिटरचा. त्या उजेडात मामा, आणि समोर जो कुणी बसला असेल तो.

तर हा मॉनिटर एके सकाळी टक् असा आवाज करून मिटला. वय झालं होतं, हळहळ नव्हती. भाचीनं नवा पसंत केला, दुकानदारानं खोक्यातून काढून लावून दिला. मामांनी जुन्या पट्ट्या सोलून नव्याला चिकटवल्या आणि काम सुरू.

ही भाची म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीला घरात सगळे धाकटीच म्हणत. मागच्या वर्षी धाकटी गेली. तेव्हापासून मामा आणि भाची एकमेकांना सांभाळून होते. कोण कुणाला सांभाळतंय हे मात्र ज्याला विचारावं तो वेगळं सांगे. भाचीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. रविवारी निघायचं होतं. पण तिनं एक अट घातली होती. "मामा, तुझे डोळे धड आहेत तोवरच मी जाणार. डोळ्यांनी दगा दिला असं कळलं, की बॅग उघडून परत कपाटात."

"माझे डोळे अजून मुंगीचे पाय मोजतात," मामा म्हणत. पोरीनं जावं, एवढीच आता त्यांची इच्छा होती. तिनं या तळघरात आपल्यासारखं मेलेल्या माणसांकडे बघत बसू नये.

आणि नेमके तेव्हाच फोटो परत येऊ लागले.

आधी एका बसड्रायव्हरचा मुलगा आला. फ्रेम टेबलावर उपडी ठेवली. "मामा, राग नका मानू. वडील अर्धेच आलेत."

"म्हणजे?"

"तुम्हीच बघा. आई त्या खोलीत जायला तयार नाही."

मामांनी फ्रेम उलटली. डावा डोळा हसत होता. उजवा डोळा विझलेला. एकच चेहरा, पण अर्ध्या बाजूनं माणूस आणि अर्ध्या बाजूनं प्रेत. दिवा तर दोन्हीकडे होता! स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता!

"छपाईत गडबड झाली," म्हणून त्यांनी मुलाला वाटेला लावलं. मग एका शिक्षिकेची आई परत आली, तिचाही उजवा डोळा रिकामा. शिक्षिका नुसती मामांच्या चष्म्याकडे बघत राहिली. ती गेल्यावर मामांनी एक डोळा झाकून कॅलेंडर वाचलं, मग दुसरा झाकून वाचलं. सगळं स्वच्छ दिसत होतं. मग नसलेला दिवा दिसतो कुणाला? भाचीला त्यांनी अवाक्षर सांगितलं नाही. दोन्ही फ्रेमा कपाटामागे सरकवल्या, तोंडं भिंतीकडे करून.

आता धाकटीचा फोटो राहिला होता. भाचीला तो बरोबर न्यायचा होता. धाकटीला कॅमेऱ्याचं वावडं. एकटीचा असा एकच फोटो, तोही मामांनीच काढलेला, याच खोलीत, फार वर्षांपूर्वी. वर्षभर मामांनी त्याला हात लावला नव्हता. लोकांची माणसं बसवणं वेगळं आणि पाठची बहीण बसवणं वेगळं.

एका दुपारी त्यांनी मन घट्ट केलं आणि धाकटीला पट्ट्यांच्या रेषेत बसवलं. अजून काहीच केलं नव्हतं. ओरखडे तसेच, डाग तसेच. आणि उजव्या डोळ्यात दिवा होता.

न लावलेला दिवा! डावा डोळा काळोखात, आणि उजव्या डोळ्यानं धाकटी टक लावून बघतेय.

"धाकटे?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाला हाक मारतोयस?" भाची जिन्यात उभी होती. आत आली, आईचा चेहरा बघून क्षणभर थबकली, मग वाकून माउस हातात घेतला. "किती कडेला बसवलंयस. जरा मध्ये घे ना."

"अगं, हलवू नको!"

पण तिनं हलवलंच. धाकटीचा चेहरा बाजूला सरकला. दिवा सरकला नाही. तो जिथे होता तिथेच राहिला, धाकटीच्या कानाशेजारी, हवेत लोंबकळत. तिचा उजवा डोळा विझलेलाच होता, निदान दोघांना तसं दिसलं.

भाचीनं पडदा पूर्ण काळा केला. काळ्याभोर पडद्यावर तो एकच पांढरा ठिपका उघडा होता आणि खोलीकडे बघत होता. मग तिनं मामांकडे बघितलं, मग कपाटामागून डोकावणाऱ्या फ्रेमांकडे.

"मामा, किती फोटो परत आले?"

"दोन," मामा म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"आणि तुला वाटलं तुझे डोळे गेले."

भाची हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "मॉनिटरमध्ये दोष आहे. ठिपका काचेतला, आणि तुला वाटायचं उजवा दिवा लागलाय. बदलून आणू. पण मामा, आईचा फोटो तू करून दाखव. दोन्ही डोळे. मग मी जाईन."

दुकानदार म्हणजे तोंडात साखर आणि हातात नियम. "काका, एक ठिपका म्हणजे दोष नव्हे. कंपनी पाचापर्यंत चालवून घेते."

"पाच?" मामा म्हणाले. "अहो, माणसाला डोळेच दोन असतात!"

"लोक सिनेमा बघतात, हिशेब करतात, कुणाला दिसतसुद्धा नाही तो."

"मला दिसला नाही म्हणून तर दोन माणसं एका डोळ्यानं मेली."

दुकानदार जरा मागे सरकला. भाचीनं मग शांतपणे सांगितलं, की बदलून मिळेपर्यंत मामा इथेच बसतील आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही हकिकत सांगतील. मामांनी लगेच स्टूल ओढलं. दुकानदारानं हात जोडले. "खोकं आहे ना? थर्माकोल?"

खोकं होतं. त्यात मामांनी फ्रेमा भरल्या होत्या, एवढंच.

दुसरा मॉनिटर आला. ठिपका नव्हता, पण पडदा काळा केला की खालच्या कोपऱ्यातून पांढुरका उजेड झिरपे. बंद दाराच्या फटीतून, पलीकडे कुणीतरी दिवा घेऊन उभं असल्यासारखा. मामा त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसू शकेनात. तोही परत गेला. दुकानदार म्हणाला, "काका, आता तुम्हीच निवडा," आणि सहा नवे मॉनिटर ओळीनं मांडून सगळे काळे केले. सहा काळ्या काचांत सहा मामा बसलेले. मामांनी प्रत्येकात निरखून बघितलं. सहाव्यात स्वतःच्या तोंडाशिवाय काही नव्हतं. तो त्यांनी घेतला.

शनिवारी दुपारी धाकटी पुन्हा बसली. बसायच्या आधी मामांनी पडदा काळा करून, लाल करून, पांढरा करून तपासला. स्वच्छ. भाची खाली बॅग भरत होती. मामांनी ओरखडे पुसले, कपाळावरचा डाग काढला, सुटलेली बट मात्र तशीच ठेवली, कारण धाकटीची ती बट कधी ऐकायचीच नाही. शेवटी डावा दिवा लावला. हात उजव्याकडे नेला.

उजवा लागलेला होता.

त्यांनी पडदा काळा केला. काहीच नाही. परत धाकटीला आणलं. दिवा आहे. मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. बसवलेलं माणूस स्वतःच्या हातानं हलवलं. डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, पार खालच्या कोपऱ्यात नेलं.

दिवा तिच्याबरोबर गेला.

मामांनी डोळा मोठा केला, आणखी मोठा केला. त्यांचा दिवा नेहमी गोल, मोहरीसारखा. हा चौकोनी होता. मध्ये बारीक उभी-आडवी रेघ. खिडकी. या खोलीची खिडकी. मामांनी मान वळवून मागे बघितलं. गिलावा केलेली भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. दुकानदार होता. "काका, काय थट्टा केलीत हो गरिबाची? तुमच्यासाठी कंपनीशी भांडलो, आज त्यांचा माणूस आला, आणि त्या पहिल्या मॉनिटरमध्ये ठिपकाच नाही! काळा केला, लाल केला, काही नाही. तुम्ही नक्की बघितला होता ना?"

"माझ्या भाचीनंही बघितला होता."

"मग गेला कुठे?"

मामा पडद्याकडे बघत होते. "मला काय विचारता?" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. ती खिडकी धाकटीच्या डोळ्यात पहिल्यापासून होती आणि मामांना दिसली नाही. म्हणजे डोळे गेले, पोरीला सांगायला हवं, पोरगी राहणार. नाहीतर ती आधी नव्हती. आणि मग सांगायचं तरी कुणाला, आणि काय म्हणून?

जिन्यात पावलं वाजली. भाची आत आली आणि मामांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"मामा, बघतेय रे ती."

"हं."

"दिवे दोन्ही तूच लावलेस ना?"

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. "मग काय, शेजारचा येऊन लावणार?"

भाची हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. फोटो छापला. दोन्ही डोळे जिवंत आले. मायेनं बघणारा डावा, मामांच्या हातचा. आणि जरा जास्तच लक्ष देऊन बघणारा उजवा. तो फोटो तिनं स्वेटरात गुंडाळून बॅगेत ठेवला आणि रविवारी ती गेली.

ड्रायव्हर आणि शिक्षिकेची आई, दोघांचेही दिवे मामांनी लावून दिले. काम पूर्वीसारखंच चालू आहे, फरक एवढाच, की आता येईल त्या चेहऱ्याला मामा शेवटी एकदा थोडं हलवून बघतात. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा फारच चोखंदळ.

थोड्या दिवसांनी भाचीचा फोन आला. नोकरी बरी, जेवण बरं, माणसं ठीक. "खोली मात्र एवढीशी आहे रे मामा. खिडकीच नाही, दिवसासुद्धा बल्ब लावावा लागतो. पण आईचा फोटो ठेवलाय ना, तो कोपरा काही अंधारा वाटत नाही."

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फोटो जरा हलव बघू," ते म्हणाले. "दुसऱ्या कोपऱ्यात ने. उजेड बरोबर येतो का?"

"काहीतरीच काय," भाची म्हणाली. पण पलीकडे फ्रेम उचलल्याचा आवाज आला, मग पावलांचा, मग काहीच नाही.

"येतो, मामा," ती हळूच म्हणाली.

"मग ठीक आहे," मामा म्हणाले.